पायातली गुठळी आणि कर्करोगाची शंका

पोटरी सुजते, दाबली की दुखते आणि डॉपलर तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी दिसते. शस्त्रक्रिया नाही, बाळंतपण नाही, हाड मोडून अंथरूण धरलेलं नाही. मग गुठळी झाली कशाने? आत कुठेतरी कर्करोग असणार, अशी शंका इथे मनात शिरते. ती निराधार नाही. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली हा संबंध व्याख्यानातून मांडला होता. पुढे स्वतःच्याच शिरेला सूज आली तेव्हा त्यांनी आपला आजार ओळखला आणि १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने ते गेले. स्वादुपिंड, जठर, फुप्फुस, बीजांडकोश यांच्या कर्करोगाच्या पेशी रक्त गोठण्याची साखळी सुरू करणारी प्रथिनं तयार करतात, हेही आता माहीत आहे. पण ‘कर्करोगामुळे गुठळ्या होतात’ हे खरं असलं, तरी ‘गुठळी झाली म्हणजे कर्करोग आहे’ हे त्यातून निघत नाही. कॅनडात उघड कारणाशिवाय पहिल्यांदाच गुठळी झालेल्या ८५४ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३३ जणांना, म्हणजे शंभरातल्या जेमतेम चौघांना, वर्षभरात कर्करोग आढळला. पन्नाशीनंतर हे प्रमाण वाढतं, तरुणांत ते फारच कमी असतं.

‘चार तर चार, आमचा माणूस त्यांत नसेल कशावरून? पैसे आम्ही भरतो, सगळं शरीर स्कॅन करा,’ असं घरचे म्हणतात. त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे आणि तिला नुसत्या आकडेवारीने उत्तर देणं बरं नाही. उत्तर त्याच अभ्यासात आहे. तिथे निम्म्या रुग्णांच्या फक्त रक्ततपासण्या, छातीचा एक्स-रे आणि वयानुसार नेहमीच्या चाचण्या केल्या. उरलेल्यांचा शिवाय पोटाचा सविस्तर सीटी स्कॅनही केला. पहिल्या गटात चार कर्करोग निसटले, स्कॅन केलेल्या गटात पाच. म्हणजे स्कॅन स्वच्छ आला तरी खात्री मिळत नाही. उलट त्यात एखादा निरुपद्रवी ठिपका दिसला, की बायोप्सी, पुन्हा स्कॅन आणि महिनोन्महिने टांगती तलवार. गुठळी ही लवकर मिळालेली सूचना असते, हेही पूर्ण खरं नाही. डेन्मार्कच्या १९९८च्या मोठ्या पाहणीत गुठळीनंतर वर्षभरात ज्यांना कर्करोग निघाला, त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांचा रोग निदानाच्या वेळीच दूरवर पसरलेला होता.

म्हणून गुठळीकडे दुर्लक्ष करावं, असं नाही. रुग्णाला नीट विचारलं आणि तपासलं, तर स्कॅन कुठे करायचा हे अनेकदा त्यातूनच कळतं. वजन आपोआप उतरलंय का? हिमोग्लोबिन कमी का आहे? शौचाची सवय बदलली का? स्तन, पोट, काखेतल्या गाठी हाताने तपासल्या का? औषध नीट चालू असताना दुसरी गुठळी झाली, किंवा त्वचेजवळच्या शिरांना आज इथे, उद्या तिथे सूज येऊ लागली, तर संशय बळावतो आणि पुढच्या तपासण्या करायलाच हव्यात. रक्तातला डी-डायमर, म्हणजे गुठळीशी संबंधित घटक, वाढलेला दिसला म्हणून मात्र घाबरू नये. संसर्ग, गर्भारपण, शस्त्रक्रिया, नुसतं वाढतं वय यांनीही तो वाढतो.

एका गैरसमजाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. गुठळीसाठी ‘रक्त पातळ करणाऱ्या’ गोळ्या सुरू होतात आणि काही आठवड्यांनी लघवीत किंवा शौचात रक्त दिसतं. ‘गोळीचाच परिणाम,’ म्हणून ते सोडून दिलं जातं. गोळीने रक्तस्राव वाढतो हे खरं. पण रक्त येतंय ती जागा आधीपासूनच बिघडलेली असू शकते, आणि मूत्राशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग कधीकधी असाच उघडकीला येतो. अशा वेळी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, कारण पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. रक्त खूप जात असेल तर तडक रुग्णालय गाठावं. थोडं दिसलं आणि थांबलं, तरीही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं आणि रक्त नेमकं कुठून आलं, याचा शोध घ्यायला सांगावं.