चौकट : जॉन्सनची ९२ घनरूपे

व्याख्या : बहिर्वक्र घनाकृती, जिचे प्रत्येक पृष्ठ सुसम बहुभुजाकृती आहे. पृष्ठे एकाच प्रकारची असण्याची अट नाही.

आधीपासून माहीत : ५ प्लेटोनिक (घन, चतुष्फलक इ.), १३ आर्किमिडीय, शिवाय चिती आणि प्रतिचिती यांची दोन अनंत कुटुंबे. यांत न बसणारी उरतात ती जॉन्सनची.

कोणी, केव्हा : अमेरिकी गणिती नॉर्मन जॉन्सन यांनी १९६६ मध्ये ९२ आकृत्यांना नावे व क्रमांक दिले. यादी पूर्ण आहे हे सोव्हिएत गणिती व्हिक्टर झालगालर यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले.

• क्रमांक १ : चौरस तळाची सूची. ५ शिरोबिंदू, ५ पृष्ठे, ८ कडा. सूचीचा तळ पंचकोनापर्यंतच जातो; षट्कोनावर शिखराशी ६ × ६०° = ३६०° होतात आणि सूची सपाट पडते.

• पृष्ठांच्या बाजू फक्त ३, ४, ५, ६, ८ किंवा १०.

• क्रमांक ३७, सर्वांत फसवा. ८ त्रिकोण, १८ चौरस. २४ शिरोबिंदू, ४८ कडा. प्रत्येक शिरोबिंदूशी तीन चौरस व एक त्रिकोण, अगदी याच पृष्ठांच्या आर्किमिडीय आकृतीसारखेच. त्या आकृतीची एक टोपी ४५° फिरवली की हा तयार होतो. मात्र सर्व शिरोबिंदू समरूप राहत नाहीत: कोणताही शिरोबिंदू फिरवून किंवा आरशात पाहून इतर प्रत्येकाच्या जागी आणता येत नाही. म्हणून तो आर्किमिडीय यादीबाहेर.

• केवळ समभुज त्रिकोणांच्या बहिर्वक्र आकृत्या ८. त्यांपैकी ५ जॉन्सनच्या. पृष्ठे ४, ६, ८, १०, १२, १४, १६, २०. अठरा पृष्ठांची मात्र अस्तित्वातच नाही.