थंडीतलं योसेमिटी : कापडी केबिनमधल्या मुक्कामाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातलं योसेमिटी राष्ट्रीय उद्यान बाराही महिने उघडं असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबं नाताळच्या सुट्टीत चार-पाच तास गाडी चालवून तिथे जातात, पुण्या-नागपूरहून आई-बाबा आलेले असतील तर त्यांनाही नेतात. उद्यानातल्या योसेमिटी दरीतली चांगली हॉटेलं महाग, शिवाय ती फार आधी भरतात. मग नजर वळते करी व्हिलेजकडे. डेव्हिड आणि जेनी करी या शिक्षक दांपत्यानं १८९९ मध्ये मोजके तंबू ठोकून सुरू केलेला हा मुक्काम आजही साधाच आहे. लाकडी जमीन, लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं जाड कापड अशा बहुतेक खोल्या, शिवाय काही लाकडी केबिन. उन्हाळ्यात तिथे कुणीही मजेत राहील. हिवाळ्यात मात्र ऐकीव माहितीच्या भरवशावर गेलं तर हाल होतात, आणि क्वचित जिवावरही बेततं.

गैरसमज १ : केबिन घेतली म्हणजे आत ऊब असणारच.

वस्तुस्थिती : कापडी भिंत वारा आणि हिम अडवते, थंडी अडवत नाही. योसेमिटीची दरी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा साधारण ८-९ अंश सेल्सिअसवर असतो आणि रात्री शून्याखाली दोन-तीन अंश उतरतो. वादळ आलं तर त्याहूनही खाली. त्यातही करी व्हिलेज वसलंय दरीच्या दक्षिण कड्याच्या, ग्लेशिअर पॉइंटच्या पायथ्याशी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे या उंच कड्याची सावली इथे दिवसातला बराच वेळ पडलेली असते. समोरच्या उत्तरेकडच्या बाजूला लोक ऊन खात असतात, तेव्हा इथलं हिम तसंच साचलेलं असतं.

म्हणून आरक्षण करताना खोलीला हीटर आहे की नाही, हे नीट वाचून घ्यावं. कापडी खोल्यांना स्वतःचं न्हाणीघर नसतं. स्वच्छतागृह सामायिक आणि बाहेर असतं. मध्यरात्री गोठलेल्या वाटेवरून तिथवर चालत जाणं वयस्कर माणसाला झेपणार नाही. आई-बाबा सोबत असतील तर न्हाणीघर असलेली लाकडी केबिन घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. हिवाळ्यात इथल्या सगळ्याच खोल्या रोज उघड्या नसतात, त्यामुळे तारखा आधी तपासायला हव्यात.

गैरसमज २ : एक जाडजूड जॅकेट असलं की झालं.

वस्तुस्थिती : ऊब धरून ठेवते ती कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, असे तीन थर उत्तम. आपल्या सवयीचा सुती बनियन आणि जीन्स इथे घात करतात. सूत ओलं झालं की लवकर वाळत नाही आणि अंगातली उष्णता ओढून घेतं. दिवसभर वापरलेले कपडे घामानं दमट होतात. झोपण्यापूर्वी ते बदलून कोरडे कपडे, कोरडे मोजे आणि कानटोपी घालावी. थंडी गादीखालूनही येते, म्हणून एखादी घडी घातलेली चादर किंवा घोंगडी अंगाखालीही घ्यावी.

गैरसमज ३ : रात्री छोटी शेगडी किंवा गॅसचा स्टोव्ह पेटवून खोली तापवता येते, खिडकी किंचित उघडी ठेवली की धोका नाही.

वस्तुस्थिती : यातला सर्वांत जीवघेणा गैरसमज हाच. कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर ही सुरुवातीची लक्षणं. झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत, तो झोपेतच बेशुद्ध होतो. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तिथे पक्क्या घरांत जे घडतं ते तंबूतही घडतं. खिडकीची फट पुरेशी आहे की नाही, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग आपल्याकडे नसतो. शिवाय कापड आणि लाकूड पेट घेतात ते वेगळंच.

करी व्हिलेजच्या खोल्यांमध्ये स्वयंपाकाला मनाई आहे, त्यामागे आगीची भीती आहे आणि जनावरांचीही. ‘आपला राइस कुकर नेऊ, वरण-भात तिथेच लावू’ हा बेत घरीच सोडून द्या. डोकं दुखू लागलं, मळमळलं आणि जवळ काही जळत असेल, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि लगेच मदत मागवा.

गैरसमज ४ : दोन घोट ब्रँडी घेतली की अंग गरम राहतं.

वस्तुस्थिती : मद्यामुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त त्वचेकडे येतं आणि ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या आतली उष्णता बाहेर निघून जात असते. शिवाय आपण गारठतोय, हे कळण्याइतकं भानही उरत नाही. त्याऐवजी झोपण्यापूर्वी पोटभर गरम जेवण घ्यावं आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती पांघरुणात ठेवावी.

गैरसमज ५ : हिवाळ्यात अस्वलं झोपलेली असतात, म्हणून खाणं कुठेही ठेवलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : योसेमिटीतली काळी अस्वलं बहुतेक करून गुहेत किंवा झाडाच्या ढोलीत जातात, पण सगळीच नाहीत आणि पूर्ण हिवाळाभरही नाहीत. अन्न मिळत राहिलं तर काही अस्वलं हिंडत राहतात. म्हणून खाणं सुरक्षित ठेवण्याचा नियम वर्षभर लागू आहे. कापडी खोलीत राहणाऱ्यांनी सगळं खाणं बाहेरच्या लोखंडी लॉकरमध्ये ठेवायचं असतं. रात्री गाडीतही ठेवायचं नाही, कारण अस्वल गाडीचं दार वाकवून आत शिरतं. चिवडा, लाडू आणि लोणच्याच्या बरणीसोबत टूथपेस्ट, साबण, मलम अशा वास येणाऱ्या सगळ्या वस्तू लॉकरमध्येच जायला हव्यात. माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल धीट होतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं. आपला निष्काळजीपणा त्याच्या जिवावर उठतो.

गैरसमज ६ : केबिनमध्ये उंदीर दिसला तर त्यात विशेष काय?

वस्तुस्थिती : २०१२ च्या उन्हाळ्यात योसेमिटीत राहून गेलेल्या दहा जणांना हंटाव्हायरसची लागण झाली आणि त्यांतले तिघे दगावले. बहुतेक जण करी व्हिलेजच्या दुहेरी भिंतींच्या तंबूंत राहिले होते. ऊब टिकावी म्हणून केलेल्या या दोन भिंतींच्या पोकळीत डिअर माउस जातीच्या उंदरांनी घरटी केली होती. असे ९१ तंबू बंद करण्यात आले. उंदराच्या लेंड्या आणि मूत्र यांची वाळलेली धूळ श्वासातून आत गेली की हा रोग होतो. म्हणून खोलीत लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. अशा ठिकाणी राहून आल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगदुखी आणि धाप लागली, तर डॉक्टरांना मुक्कामाची माहिती आवर्जून द्या.

गैरसमज ७ : गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर साखळ्या लागत नाहीत.

वस्तुस्थिती : हिवाळ्यात साखळी-नियंत्रण लागू झालं की प्रत्येक गाडीत टायरला बसवायच्या साखळ्या असाव्याच लागतात, फोर-व्हील ड्राइव्हमध्येसुद्धा. योग्य टायर असतील तर अशा गाडीला त्या चढवण्यातून बहुधा सूट मिळते, जवळ बाळगण्यातून नाही. भाड्याची गाडी असेल तर साखळ्या लावायला परवानगी आहे का, हे आधी विचारा. घरी एकदा बसवून पाहा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी त्या पहिल्यांदाच बसवणं फार अवघड जातं.

गैरसमज ८ : हिवाळ्यात तिथे पाहण्यासारखं काहीच नसतं.

वस्तुस्थिती : उद्यानातून जाणारा टायोगा रस्ता साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बंद असतो, हे खरं. पण दरी आणि एल कॅपिटन, हाफ डोम हे तिचे प्रसिद्ध कडे पाहता येतात. उन्हाळ्याच्या अखेरीस अनेकदा आटून जाणारा योसेमिटी धबधबा पावसा-हिमामुळे पुन्हा वाहू लागतो आणि त्याच्या वरच्या टप्प्याच्या पायथ्याशी तुषार गोठून बर्फाचा प्रचंड शंकू उभा राहतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात हॉर्सटेल धबधब्याला पाणी असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर मावळतीच्या उन्हात तो पेटल्यासारखा नारिंगी दिसतो.

इथल्या अनेक नियमांमागे कुणाचा तरी अपघात, आजार किंवा मृत्यू आहे. ते नियम कटकट म्हणून झटकू नका. निघण्यापूर्वी उद्यानाच्या सूचना घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचा, हवामान आणि रस्त्यांची स्थिती पाहा, आणि वादळाचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला. एवढी तयारी केलीत, तर आई-बाबांनाही हिमातलं योसेमिटी निर्धास्तपणे दाखवता येईल.