चौकटीतले सूर (भाग ६) : तंबुऱ्याची गदा होते तेव्हा

संगीताच्या दुनियेत घडणाऱ्या अद्भुत चित्रकादंबऱ्यांची पहिली अडचण अगदी साधी आहे : कागद गात नाही. मैफल रंगली हे वाचणाऱ्याला कळायचं कसं?

कायरन गिलन आणि जेमी मॅकेल्वी या ब्रिटिश जोडीने ही अडचण अंगावर घेतली. त्यांच्या ‘फोनोग्राम’मध्ये (२००६) पॉप संगीत हीच जादू असते आणि मांत्रिकाची सगळी विद्या गाण्यांतून चालते. पुढे २०१४ ते २०१९ या काळात त्यांनी ‘द विकेड अँड द डिव्हाइन’ काढलं. त्यात दर नव्वद वर्षांनी बारा देव तरुण पोरापोरींत अवतरतात, पॉपस्टार होतात आणि दोन वर्षांत मरतात. मैफलीच्या पानांवर भर असतो तो ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर आणि रंगांवर. डोळे मिटलेली, भान हरपलेली गर्दी पाहून सूर आपणच कल्पायचा. युक्ती नामी आहे. पण देवांची भांडणं मला पुढे पुढे जरा लांबल्यासारखी वाटली.

रायपूरकरांना मात्र हे सगळं ओळखीचं वाटावं. भिलाईजवळच्या गनियारीत १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाई आजोबांकडून महाभारत ऐकत वाढल्या आणि तेराव्या वर्षी पंडवानी, म्हणजे छत्तीसगढची महाभारत-गायकी, गायला उभ्या राहिल्या. ‘उभ्या’ हे महत्त्वाचं. बसून गायची ती वेदमती शैली, उभ्याने अभिनय करत गायची ती कापालिक, आणि बायकांनी गायचंच तर बसून, असा तेव्हाचा शिरस्ता. तीजनबाईंच्या हातात मोरपिसं लावलेला तंबुरा. तो खांद्यावर गेला की भीमाची गदा, आडवा धरला की दुःशासनाचा हात. वस्तू तीच, चौकट बदलली की अर्थ बदलला. शेजारी बसलेला रागी मध्येच हुंकार भरतो, प्रश्न विचारतो, ‘मग काय झालं?’ म्हणून कथा पुढे ढकलतो. चित्रकथेत दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचकाने मनात जे करायचं, ते इथे रागी सगळ्यांदेखत करतो.

सूर कागदावर उतरण्याची खरी गोष्ट मात्र थोडी पलीकडे, मध्य प्रदेशातल्या पाटणगढला घडली. तिथले परधान हे गोंडांचे गायक. बाना हे गजाने वाजवायचं वाद्य घेऊन यजमानांच्या घरी जायचं आणि साजाच्या झाडात वसणाऱ्या बडादेवाला गाऊन जागवायचं, हे त्यांचं पिढीजात काम. गिलनचे देव स्वतःच गातात; इथे देवाला जागं करायला माणसाने गावं लागतं. मला दुसरी कल्पना जास्त भावते.

यजमानी आटत गेली तशी गाणीही मागे पडू लागली. १९८१ च्या सुमारास चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या भोपाळच्या चमूला पाटणगढमध्ये जनगढसिंह श्याम हा तरुण परधान भेटला. गाण्यातले देव त्याने ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी कागदावर आणले. तेच ‘जनगढ कलम’. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा अंत झाला, पण कलम नातलगांच्या हाती चालत राहिली.

त्याच परंपरेतल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११ मध्ये ‘भीमायन’ चितारलं. विषय बाबासाहेबांचा, महाडच्या तळ्याचा. भुताखेतांचा संबंध नाही. पण पान उघडून बघा. सरळ चौकटीत माणसं कोंडायला व्याम दांपत्य तयार नव्हतं, म्हणून भिंतीवर काढायच्या ‘डिगना’ नक्षीने पान विभागलं. गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात, विषारी बोलणाऱ्याचे विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. माणसाचा आवाज कसा आहे हे वाचण्याआधीच दिसतं. ब्रिटिश जोडीने रंगांवर जे सोपवलं, ते इथे विंचवाने केलं. या हातांनी पंडवानीचं पुस्तक काढावं, एवढंच मागणं आहे.

पुढच्या आठवड्यात लोरिक आणि चंदा यांची कथा. छत्तीसगढात ही कथा चंदैनी म्हणून गातात. मुल्ला दाऊदने १३७९ मध्ये तिच्यावर ‘चंदायन’ रचलं आणि त्याची काही सचित्र पानं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.