पलंगावरचं न्हाणं

मराठीत आंघोळ वेगळी आणि न्हाणं वेगळं. अंगावर चार तांबे घेतले की आंघोळ होते, डोक्यावरून पाणी घेतलं की ते न्हाणं. बायकांच्या बोलण्यात हा फरक अजून पक्का आहे. "आज न्हायलेय" एवढं म्हटलं की केस ओले आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. पण घरात कुणी आजारी पडलं की हाच फरक आपण विसरतो. ओल्या फडक्याने अंग पुसलं, कपडे बदलले, की घरातले म्हणतात, झाली आंघोळ. डोकं तसंच राहतं. आठवडा, दोन आठवडे, कधीकधी महिनाभर.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं मला विचारलं गेलंच. माझं उत्तर असं, की ज्याला आपल्याकडे नीट शब्द नाही ते काम कुणी शिकवत नाही. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई असते, तिचं कसब सगळ्यांना ठाऊक असतं. अंथरुणाला खिळलेल्या मोठ्या माणसाला न्हाऊ घालणारं कोण?

माझी आजी बुऱ्हाणपूरला लोधीपुऱ्यात राहते. गेल्या हिवाळ्यात ती पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि सांध्याचा गोळा बदलावा लागला. रुग्णालयातून घरी पाठवताना दिलेल्या कागदावर गोळ्यांची भलीमोठी यादी होती, व्यायाम होते, टाके कधी काढायचे ते होतं. केसांबद्दल एक ओळही नव्हती. डॉक्टरांना ती गोष्ट बारीक वाटत असेल. आजीला वाटत नव्हती. पहिल्या शुक्रवारी फादर आजारी लोकांना घरी येऊन कम्युनियन देतात, तर "या महिन्यात नको म्हणावं त्यांना" असा तिने निरोप द्यायला लावला. पदर डोक्यावरून घेता येतो, पण वास पदराखाली राहत नाही, असं तिचं म्हणणं.

अडचण कुठे होती ते सांगते. असा खुबा सुरुवातीचे काही आठवडे नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नसतो, नाहीतर नवा गोळा जागेवरून निखळू शकतो. आता आपली मोरी आठवा. पाट, समोर बादली, हातात तांब्या, आणि न्हायचं म्हणजे पुढे वाकून केस तोंडावर घ्यायचे. त्यातलं एकही चालणार नाही. पाटावर बसणं म्हणजेच नव्वद अंश ओलांडणं.

प्रत्येक दुखण्यात मनाई वेगळी असते. खांद्याचं किंवा स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाईला बसता येतं, चालता येतं, पण हात डोक्यापर्यंत जात नाही. मणक्याच्या रुग्णाला पिळवटायचं नसतं, त्याला कूस बदलायला लावायची तर दोघांनी मिळून लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं. मोतीबिंदूनंतर हातपाय सगळे ठीक असतात, फक्त डोळ्यात पाणी जाता कामा नये. म्हणून शॅम्पू कोणता हा प्रश्न नंतरचा. आधी डॉक्टरांना नेमकं विचारायचं की काय बंद आहे, वाकणं, हात उचलणं, की भिजणं? टाके डोक्यावरच असतील तर पाणी कधीपासून चालेल हे ऑपरेशन करणाऱ्यानेच सांगावं, शेजारच्या काकूंनी नाही.

पलंगावर केस धुवायची रीत आम्हाला एका सिस्टरने दाखवली. (आमच्यात सिस्टर म्हटलं की नन का नर्स हे विचारावं लागतं. या दोन्ही होत्या.) नर्सिंगमध्ये 'केलीज पॅड' नावाची वस्तू शिकवतात. जॉन्स हॉपकिन्सचे डॉक्टर हॉवर्ड केली यांच्या नावाची ही हवा भरलेली रबरी गादी. तिच्या कडा फुगीर आणि एक बाजू लांब शेपटीसारखी उघडी, म्हणजे पाणी इकडेतिकडे न पसरता शेपटीवरून खाली बादलीत पडतं. मुळात ती ऑपरेशनच्या टेबलासाठी होती. सिस्टर म्हणाल्या, विकत आणू नका, घरात आहे. एका जुन्या चादरीची जाड गुंडाळी करून ती घोड्याच्या नालेसारखी वाकवली, वरून मेणकापड टाकलं, उघडी बाजू पलंगाच्या कडेवरून खाली सोडली आणि खाली बादली ठेवली. पावसाळी रेनकोट फाडून उलगडला तरी चालतो. झाली पन्हळ तयार.

बाकीचं काम धीराचं आहे. माणसाला तिरकं करून डोकं पलंगाच्या कडेला आणायचं. खुबा असेल तर गुडघ्यांच्या मध्ये उशी, म्हणजे पायावर पाय जात नाही. कानात कापसाचे बोळे, डोळ्यांवर कोरडा रुमाल. पाणी लावण्याआधी गुंता सोडवायचा, आणि तो टोकाकडून वर. आडव्या पडलेल्या माणसाचे केस मागच्या बाजूला घासून घासून गोळा होतात, त्याची जट बनते. तिला बोटांनी तेल लावून पाच-दहा मिनिटं ठेवली की बरीच सुटते. ओल्या जटेशी भांडू नये, ती घट्टच होते. पाणी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहायचं, बोटांवर नाही. भांडी घासून बोटं निबर झालेली असतात. लहान तांब्याने, कपाळाकडून मागे. नखं न लावता बोटांच्या पेरांनी चोळायचं. मला पहिल्यांदा सगळ्याला पाऊण तास लागला, आता वीस मिनिटांत होतं. अर्धी बादली गरम पाणी आजीच्या केसांना पुरतं.

पाणी पुरतं म्हटलं, पण बुऱ्हाणपूरचं पाणी हा स्वतंत्र विषय आहे. गावाबाहेरचा कुंडी भंडारा पाहिलेल्यांना आठवत असेल. 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या भुयारातून आणि शंभरेक कुंड्यांतून उताराने शहरात आणलं. त्या भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेत. आमच्या बोअरचं पाणी तापवलं की पातेल्यात तोच पांढरा थर बसतो. अशा जड पाण्यात साधा साबण डोक्याला लावला की त्यातल्या कॅल्शियमशी मिळून चिकट साका होतो आणि केसांत बसतो. नळाखाली तो भरपूर पाण्याने थोडाफार निघतो, पलंगावर अर्ध्या बादलीत निघत नाही. केस धुतल्यावर आणखीच तेलकट वाटतात ते यामुळे. शॅम्पूत असा साका होत नाही, रिठा-शिकेकाईतही नाही. फक्त शिकेकाई उकळून फडक्यातून नीट गाळून घ्यायची, कारण चोथा केसांत अडकतो आणि डोळ्यात गेली तर फार झोंबते. शॅम्पू एक चमचा, मगभर पाण्यात कालवून. थेट डोक्यावर ओतला तर धूत बसाल.

एक इशारा मात्र ठळकपणे. पार्लरच्या बेसिनसारखी मान मागे टाकायची नाही. 1993 मध्ये मायकल वाइनट्रॉब या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांची नोंद छापली. पार्लरमध्ये बेसिनच्या कडेवर मान टाकून केस धुतल्यानंतर त्यांना स्ट्रोकची लक्षणं दिसली होती. मान जास्त वाकली की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर ताण येतो. असं क्वचितच घडतं, पण म्हाताऱ्या मानेचा जुगार कशाला? मानेखाली टॉवेलची मऊ घडी, डोकं जेमतेम मागे. चक्कर किंवा मुंग्या आल्या तर लगेच थांबायचं.

हे सगळं जमलं तरी खरी अडचण वेगळीच निघाली. आजी दुसऱ्याकडून डोकं धुवून घ्यायला तयार नव्हती. "मी काय तान्हं बाळ आहे?" मला यात गंमत वाटते. याच शहरात शाही किल्ल्यात हमाम आहे, छतावर अजून रंगीत नक्षी दिसते. तो मुमताजसाठी बांधला असं सांगतात, आणि ती 1631 मध्ये याच गावात चौदाव्या बाळंतपणात गेली. राजेराण्यांना दुसऱ्यांनी न्हाऊ घालणं हा थाट होता. 'शॅम्पू' हा शब्दसुद्धा आपल्या 'चांपणे'मधून, म्हणजे हिंदीतल्या चांपोवरून इंग्रजीत गेला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महोमेदने इंग्लंडात ब्रायटनला मालिश आणि वाफेचं स्नानगृह चालवलं, आणि राजा चौथ्या जॉर्जने त्याला 'शॅम्पूइंग सर्जन' नेमलं. म्हणजे त्या शब्दाच्या मुळाशीच दुसऱ्या कुणाचे तरी हात आहेत. पार्लरमध्ये आपण त्यासाठी पैसे मोजतो. नवरीला, बाळंतिणीला ते सन्मानाने मिळतं. आजाऱ्याच्या वाट्याला आलं की तेवढ्यात त्याची लाज का व्हावी?

यावर घराघरांत निघणारा सोपा तोडगा म्हणजे कात्री. "आता कोण बघतंय, बारीक करून टाकू." आमच्याकडेही एका नातेवाइकाने सुचवलं. केशवपनाचा इतिहास असलेल्या भाषेत म्हाताऱ्या बाईचे केस कापण्याचा निर्णय इतरांनी घ्यावा, हे मला अजिबात पटत नाही. तिला स्वतःला हवे असतील तर जरूर कापावेत, छोटे केस सांभाळायला सोपे असतात यात शंका नाही. पण विचारायचं तिला, तिच्यादेखत तिच्या सुनेला नाही.

आजी तयार झाली ती वेगळ्या अटीवर. पाण्याचा तांब्या मी धरायचा, चोळणं ती स्वतः करणार. तिचे हात धडधाकट होते, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

स्वतः करू इच्छिणाऱ्यांसाठी बरंच काही करता येतं. लकवा झालेल्या माणसाचा एकच हात चालतो, तर त्याला शॅम्पूची पुडी फाडता येत नाही, दाताने फाडावी लागते. पंपाची बाटली ठेवा, एका तळव्याने दाबता येते. पाटाऐवजी हातांची उंच खुर्ची, तिच्या पायांना रबरी बुचं, खाली रबरी जाळी. तांब्याऐवजी हलका प्लास्टिकचा मग, अर्धाच भरून. नळाला हँडशॉवर जोडता आला तर मगही नको. टॉवेल दांडीवर लांब नको, आधीच गळ्याभोवती असावा. आणि दाराला कडी लावू देऊ नका, नुसतं लोटून घ्या. बाहेर कुणीतरी हाकेच्या अंतरावर बसलेलं असू द्या, मोबाइलमध्ये डोकं न घालता.