ढगातलं बिऱ्हाड

कॅम्पस इंटरव्ह्यूला बसणाऱ्या प्रत्येकाच्या बायोडेटात हल्ली 'क्लाउड' हा शब्द असतोच असतो. आणि 'क्लाउड म्हणजे नेमकं कुठे?' असं विचारलं की बहुतेकांचं बोट आपोआप वर जातं! तर मित्रांनो, हा ढग आकाशात नसतो. तो बिनखिडक्यांच्या काँक्रीटच्या इमारतींत राहतो, त्याला अफाट वीज लागते आणि थंडगार हवाही. अशी एक भलीमोठी इमारत आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला आहे. योट्टा कंपनीचं हे डेटा सेंटर २०२० साली सुरू झालं आणि त्यात सुमारे ७,२०० रॅक बसतात. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातही अशा इमारती आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला, अॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईला आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईला आपापली केंद्रं सुरू केली. म्हणजे पेणच्या एखाद्या दुकानाचे हिशोब 'क्लाउडवर' गेले, तर ते खाडीपलीकडे जाऊन बसण्याचीच शक्यता जास्त.

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा बंदोबस्त संपादक मंडळाने करावा ही विनंती.)

क्लाउडची व्याख्या अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये केली आणि पुस्तकात आपण ती पाठ करतो. पण तिच्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणं आणि आटणं, मला पुस्तकापेक्षा पेणच्या गणपतीच्या कारखान्यांवरून जास्त चांगला कळला. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या भागात मूर्तीचं काम वर्षभर चालतं. साचे, कच्च्या मूर्ती, घासकाम हे सावकाश होत राहतं. पण गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने आले की रंगकामाला आणि डोळ्यांच्या आखणीला हात पुरत नाहीत, वाळवायला जागा पुरत नाही. मग कारखानदार काय करतो? शेड भाड्याने घेतो, रोजावर कारागीर आणतो. विसर्जन झालं की शेड परत. त्या दोन महिन्यांच्या गर्दीसाठी कोणी कायमची इमारत बांधत नाही. क्लाउड म्हणजे ही भाड्याची शेड, फक्त ती पाच मिनिटांत मिळते आणि भाडं तासावर, कधी कधी सेकंदावर लागतं.

भाड्याचे प्रकार तीन, आणि ते होस्टेलवाल्यांना सांगायची गरजच नाही. नुसती खोली घेऊन स्टोव्हवर स्वतः रांधायचं, म्हणजे इन्फ्रास्ट्रक्चर भाड्याने. गॅस, भांडी, ओटा मालकाचा आणि भाजी तेवढी आपली, म्हणजे प्लॅटफॉर्म. आणि सरळ डबा लावला, म्हणजे सॉफ्टवेअर. डब्यात मीठ कमी पडलं तर तक्रार करता येते, फोडणी बदलता येत नाही! पुढे.

मागच्या सुट्टीत मी रोह्याला धाटाव एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत चार आठवडे इन-प्लांट ट्रेनिंग केलं. रोज पेणहून दिवा-रोहा मेमू, आणि स्टेशनवरून मिनीडोर. मला वाटलं होतं रिअॅक्टर वगैरे बघायला मिळतील, पण मला दिलं आयटीत. तिथे कंपनीचं ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, पगार, डिस्पॅच हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर, स्वतःच्या सर्व्हरवरून क्लाउडवर हलवायचं काम चालू होतं.

का हलवायचं, याचं उत्तर त्या सर्व्हर रूममध्येच होतं. यूपीएसच्या बॅटऱ्या ठरावीक वर्षांनी बदलायच्या, एसी दिवसरात्र, डिस्क खराब झाली तर मुंबईहून माणूस यायची वाट बघायची. शिवाय केमिकल प्लांटच्या हवेत गंधकाची संयुगं असतील तर सर्किट बोर्डावरचं तांबं आणि चांदी हळूहळू गंजते. त्यामुळे हवा गाळायचा खर्च वेगळा. आणि पाऊस! ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी शाळेत होते. जिल्ह्यातल्या कित्येक गावांत पुढे दिवसेंदिवस वीज नव्हती. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं तेव्हा तिथल्या दुकानांत, ऑफिसांत जे तळमजल्यावर होतं ते सगळं चिखलात गेलं, कॉम्प्युटरसकट. सर्व्हर नवी मुंबईत असेल आणि त्याची नक्कल आणखी कुठे, तर निदान वहीखातं तरी बुडत नाही.

पण निसर्गचीच दुसरी बाजू बघा. तेव्हा मोबाइलचे टॉवरही बंद पडले होते. डेटा नवी मुंबईत सुखरूप असेल, पण धाटावहून तिथपर्यंत जाणारी वायर तुटली तर तो असून नसून सारखाच. म्हणून त्या कंपनीत एक गोष्ट क्लाउडच्या जवळपासही नेली नव्हती : प्लांटचं नियंत्रण. रिअॅक्टरचं तापमान वाढलं की थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा निर्णय ठरलेल्या वेळात व्हायलाच हवा. धाटाव ते नवी मुंबई सिग्नल जायला यायला खरं तर डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी वेळ लागतो, अडचण ती नाही. अडचण अशी की तो प्रत्येक वेळी पोचेलच याची हमी इंटरनेट देत नाही. नव्व्याण्णव वेळा पोचला आणि शंभराव्या वेळी रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली, तर? म्हणून डीसीएस आणि पीएलसी प्लांटमध्येच, क्लाउडला जाते ती फक्त त्यांची नोंदवही. कोणत्या बॅचला किती तापमान होतं, किती वाफ लागली, वगैरे. ही रेषा कुठे ओढायची हे ठरवणं मला त्या चार आठवड्यांतलं सगळ्यात हुशारीचं काम वाटलं.

आता बिलाकडे येऊ. क्लाउड स्वस्त पडतो असं सगळेच सांगतात. पण त्याला एक अट आहे. भाड्याच्या शेडचं भाडं विसर्जनानंतरही चालू ठेवलं तर? तिथे नेमकं हेच दिसलं. नवीन सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी घेतलेले सर्व्हर दिवसरात्र चालू होते. आठवड्याचे तास १६८. ऑफिस सहा दिवस, रोज नऊ तास, म्हणजे ५४. म्हणजे दोन-तृतीयांश वेळ ते सर्व्हर कोणासाठीही चालत नव्हते आणि मीटर मात्र पळत होतं. सरांनी मला काम दिलं की प्रत्येक सर्व्हरला चिकटलेली चिठ्ठी शोध. या चिठ्ठीला 'टॅग' म्हणतात. त्यावर खातं, मालक आणि कशासाठी घेतला ते लिहायचं असतं. निम्म्यांवर काहीच नव्हतं. मी विचारलं, "सर, हे बंद करू का?" तर म्हणाले, "थांब. कोणाचं आहे ते कळल्याशिवाय हात लावू नकोस." दोन दिवस मी खरेदी विभागापासून लॅबपर्यंत हिंडून प्रत्येकाला विचारत होते. इंजिनिअरिंग म्हणून मी जे शिकले त्यात हे कुठेच नव्हतं, पण क्लाउड सांभाळणं म्हणजे बरंचसं हेच आहे. स्वतःचा सर्व्हर विकत घेताना निदान खरेदीचा कागद, तीन कोटेशन आणि साहेबांची सही लागायची. क्लाउडमध्ये कोणीही लॉगिन असलेला माणूस चहा प्यायच्या आत खर्च सुरू करू शकतो.

लहान उद्योगांत बिलापेक्षा मोठा प्रश्न असतो किल्लीचा. माझा मामा धाटावमध्येच फॅब्रिकेशनचं काम करतो. स्टेनलेस स्टीलच्या पाइपलाइन, टाक्या, कंपन्यांच्या शटडाउनची कामं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना जीएसटीचं ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं आणि त्यात मामाही आला. मग जुन्या कॉम्प्युटरवरचे हिशोब क्लाउडवर गेले. सगळी सोय अकाउंटंटने केली, स्वतःच्या मोबाइल नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर. काही महिन्यांनी तो नोकरी सोडून वापीला गेला. नंतर एका सोमवारी लॉगिन करायला गेले तर ओटीपी वापीला! बिल निघेना, बिलाशिवाय माल गेटमधून बाहेर पडेना. माणूस भला, त्याने फोनवर ओटीपी सांगितला. पण तो रागावून गेला असता तर? मामा म्हणाला, "अगं, दुकानाच्या कुलपाची किल्ली मी रोज रात्री स्वतः घरी नेतो, आणि ही किल्ली आहे हेच मला कोणी सांगितलं नाही." आता खातं कंपनीच्या ईमेलवर आहे, नंबर ऑफिसचा आहे, रोजच्या कामाला वेगळं लॉगिन आणि मुख्य लॉगिनचा पासवर्ड बंद पाकिटात मामीच्या कपाटात. मोठ्या कंपन्यांत याच गोष्टीला भारी नावं आहेत, पण मूळ मुद्दा मामीच्या कपाटाचाच.

क्लाउड कंपन्या आपल्या करारात एक वाटणी लिहितात. इमारत, वीज, यंत्रं, त्यांची सुरक्षा ही त्यांची. आत कोणाला सोडायचं, काय ठेवायचं आणि नक्कल कुठे ठेवायची हे आपलं. बरेच जण ही वाटणी वाचतच नाहीत आणि समजतात की आता सगळं त्यांच्यावर. 'आमची सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील' असं आश्वासन असतं. ऐकायला छान, पण त्यात महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा आहे. त्याहून जास्त बंद पडली तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. तुमचा ट्रक गेटवर उभा राहिला त्याचे पैसे कोणी देत नाही.

मोठमोठ्या कंपन्यांकडे असं होत नाही असं वाटतं ना? १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांची नक्कलही त्याच आवारात होती त्यांचं मूळही गेलं आणि नक्कलही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगलच्या क्लाउडवरचं खातं गूगलकडून भरताना राहिलेल्या एका रकान्यामुळे आपोआप पुसलं गेलं. सहा लाखांहून जास्त सभासद कित्येक दिवस आपली शिल्लक पाहू शकले नाहीत. फंड वाचला, कारण त्यांनी एक नक्कल दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती.

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी जवळचं. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना स्वतःची कोअर बँकिंग यंत्रणा परवडत नाही, म्हणून त्या अशी यंत्रणा भाड्याने घेतात. एनपीसीआयने खबरदारी म्हणून सी-एजला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचं यूपीआय, एटीएम एकदम बंद. १ ऑगस्टला ते पुन्हा जोडलं गेलं. या बँकांची काही चूक नव्हती, पण काउंटरवर येणाऱ्या माणसाला उत्तर त्यांनाच द्यावं लागलं. गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्याही आता त्याच वाटेवर आहेत. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, आणि तिचं सॉफ्टवेअर क्लाउडवरचं, सगळ्यांना सामायिक आहे. माझ्या मते ही योजना चांगलीच आहे. गावातल्या सचिवाच्या कपाटातलं रजिस्टर वाळवी खाण्यापेक्षा हे बरं. पण त्या सचिवाला लॉगिन म्हणजे किल्ली हे कोणीतरी नीट शिकवायला हवं.

कायद्यानेही ही जबाबदारी भाड्याने घेणाऱ्यावरच ठेवली आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे कंपन्यांनी हिशोबाच्या पुस्तकांची नक्कल भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायची. 'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस जपायचे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात तर स्पष्टच आहे की काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी उत्तरदायी मूळ संस्थाच.

राहता राहिलं घर सोडणं. क्लाउडमध्ये सामान आत नेणं फुकट असतं, बाहेर काढताना मात्र गिगाबाइटमागे पैसे लागतात. २०२४ मध्ये गूगल, अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट या तिघांनी जाहीर केलं की पूर्णपणे सोडून जाणाऱ्यांना हा आकार लावणार नाही. तरी त्यांच्या खास सोयींवर बांधलेलं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालतंच असं नाही. म्हणून धाटावच्या त्या कंपनीत करार करतानाच विचारून घेतलं होतं की डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल आणि किती दिवसांत.

मामाकडे हे काम माझ्याकडे आलं. दर महिन्याला हिशोबाची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरवायची आणि जुन्या लॅपटॉपवर ती खरोखर उघडते का ते बघायचं. पहिल्याच महिन्यात फाइल उतरली पण उघडेना. तिला वेगळा पासवर्ड होता. मामाने पुन्हा वापीला फोन लावला.