मृगातल्या एका ताऱ्याचा हिशेब

हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र वर आलं, की त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण लगेच ओळखू येतो. बाणाच्या दक्षिणेला तीन मंद ठिपक्यांची आणखी एक रांग आहे. तिच्यातला मधला ठिपका ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, पुसटच दिसतो. तो ओरायन तेजोमेघ. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. आज आपल्या डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. मेघाचा विस्तार सुमारे २४ प्रकाशवर्षं. व्हॉयेजर-१ यान सेकंदाला १७ किलोमीटर जातं. त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायला चार लाखांहून जास्त वर्षं लागतील.

एवढा पसारा उजळतो तो मुख्यतः एका ताऱ्यामुळे. त्याचं नाव थीटा-१ ओरायनिस सी. वस्तुमान तीस-चाळीस सूर्यांएवढं, पृष्ठभागाचं तापमान ३९ हजार अंशांच्या घरात, तेज सुमारे दोन लाख सूर्यांचं. त्यातलं बहुतेक तेज अतिनील आहे, डोळ्यांना न दिसणारं. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उपटून काढायला ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाशकण लागतो. असे प्रकाशकण हा तारा सेकंदाला किती फेकतो? साधारण १ वर ४९ शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावं परार्धापाशी, म्हणजे १ वर १७ शून्यांपाशी संपतात. आपल्या संख्येसाठी परार्धाला परार्धाने गुणायचं आणि वर पुन्हा १ वर १५ शून्यांनी गुणायचं. सगळ्या पृथ्वीत मिळून जितके अणू आहेत, तितके प्रकाशकण हा तारा दहा-पंधरा सेकंदांत उधळतो.

मला मात्र या आकड्याहून समोरच्या वायूचा विरळपणा जास्त थक्क करतो. आपल्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये अडीचशे परार्ध रेणू असतात. तेजोमेघाच्या दाट गाभ्यात तेवढ्याच जागेत दहा हजारांच्या आसपास कण, बाकी ठिकाणी त्याहून कितीतरी कमी. गाभ्यातला एक घन किलोमीटर वायू गोळा केला, तर हाती लागेल मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग. तरीही मेघाचं एकूण वजन सूर्याच्या शेकडो पटींत जातं, इतकी ती जागा प्रचंड आहे.

या विरळपणामुळे तिथलं काळाचं गणितच वेगळं होतं. इलेक्ट्रॉन गमावलेल्या हायड्रोजनच्या केंद्रकाला दुसरा इलेक्ट्रॉन भेटायला गाभ्यातसुद्धा सरासरी दहा-बारा वर्षं लागतात. बारा वर्षांनी कुठे अणू पुन्हा पुरा होतो, आणि ताऱ्यापासून प्रकाशवर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या अंतरावर असेल, तर एखादा दिवसही तसा राहत नाही. पुढचा प्रकाशकण येऊन त्याला फोडतो. मेघाचा लाल रंग या जुळण्यातूनच येतो. हिरवट छटेचं कोडं जास्त अवघड होतं. विल्यम हगिन्सने १८६४ साली एका तेजोमेघाच्या वर्णपटात हिरव्या रेषा पाहिल्या. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी त्या जुळेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. १९२७ साली आयरा बोवेनने दाखवलं, की हा आपला नेहमीचा ऑक्सिजन आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. हा हिरवा प्रकाश सोडण्याआधी त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ कुणाचीही धडक न बसता राहावं लागतं. आपल्या हवेत प्रत्येक रेणूला सेकंदाला काही अब्ज धडका बसतात. इथे हा निवांत वेळ मिळणं अशक्यच.

ताऱ्याचा हा मारा कुठेतरी थांबतो. १९३९ साली बेंग्ट स्ट्रॉमग्रेनने गणिताने दाखवलं, की फुटलेल्या वायूची सीमा अगदी रेखीव असते. अखंड अणूंचा दाट वायू सुरू झाला, की हे प्रकाशकण जेमतेम पृथ्वी-सूर्य अंतराएवढं आत घुसतात आणि संपतात. एका प्रकाशवर्षात अशी ६३ हजार अंतरं मावतात. सीमेच्या अलीकडे सुमारे दहा हजार अंश तापमान, पलीकडे खोल ढगात उणे अडीचशे अंश सेल्सियस. तापलेला वायू फुगतो आणि सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर रेटतो. या वेगाने एक प्रकाशवर्ष सरकायला तीस हजार वर्षं लागतात. शिवाय प्रकाशाच्याच दाबाने ताऱ्याच्या पृष्ठभागावरून वारा सुटतो, सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाचा. बोइंग ७४७ विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१९ साली दिसलं, की या वाऱ्याने हजाराहून अधिक सूर्यांएवढ्या वायूचं एक कवच सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने बाहेर लोटलं आहे. त्या कवचातून नवे तारे घडण्याची आशा कमीच.

जे तारे आधीच जन्मले, त्यांचं काय? हबल दुर्बिणीला या मेघात कोवळ्या ताऱ्यांभोवती वायू आणि धुळीच्या दीडशेहून जास्त चकत्या दिसल्या. ग्रह अशाच चकत्यांतून घडतात. मोठ्या ताऱ्याच्या जवळच्या चकत्या त्याच्याकडे तोंड केलेल्या अश्रूंसारख्या दिसतात, कारण त्यांचा वायू उकळून मागे वाहतो. कित्येकींतून तीसेक वर्षांत एका पृथ्वीएवढा ऐवज निघून जातो.

रेखीव सीमेच्या पलीकडेही सुटका नाही. हायड्रोजन फोडू न शकणारा सौम्य अतिनील प्रकाश त्या भिंतीतून आरपार जातो. वेब दुर्बिणीने तिथली डी-२०३-५०६ नावाची चकती पाहिली आणि २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वायू इतक्या वेगाने उडतो आहे, की तिथे गुरूसारखा ग्रह बनणं जवळपास अशक्य आहे. त्या चकतीतला तारा सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका, म्हणून तो दहा हजार कोटी वर्षांहून जास्त जगेल. शेजारचे राक्षसी तारे काही दशलक्ष वर्षांत संपतील. पण त्याच्या घरी कोणते ग्रह नसतील, हे त्यांनी आत्ताच ठरवून टाकलं आहे.