निरीक्षण आणि प्रयोग : साथरोगशास्त्रातील तुलनेच्या रचना

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास तुलनेचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. तुलनेने नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न मात्र त्याला वारंवार पडतो. दोन भाषांतील दोन कृतींत साम्य आढळले, तर तो प्रभावाचा पुरावा मानावा, दोहोंच्या मागील समान उगमाचा, की निव्वळ योगायोग? रोगांचा अभ्यास व्यक्तीऐवजी लोकसमूहाच्या पातळीवर करणाऱ्या साथरोगशास्त्रापुढेही हाच प्रश्न असतो. तेथे उत्तर चुकले, तर चूक समीक्षेपुरती राहत नाही. कोणाला कोणते उपचार मिळतील, हे त्या उत्तरावर ठरते. या शास्त्राने तुलनेच्या ज्या रचना घडविल्या, त्यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या रचनांचे मुख्य भेद दोन : निरीक्षणात्मक आणि प्रायोगिक. भेदाचा निकष एकच. ज्या घटकाचा परिणाम तपासावयाचा, तो कोणाच्या वाट्याला यावा हे संशोधक ठरवितो काय? ठरवीत असेल, तर अभ्यास प्रायोगिक. परिस्थितीने, सवयीने वा दारिद्र्याने ते आधीच ठरविले असेल आणि संशोधक केवळ नोंद घेत असेल, तर तो निरीक्षणात्मक.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८४ मध्ये जबलपूर येथे आदिवासींच्या आरोग्यासाठी संशोधन केंद्र स्थापन केले. या संस्थेने मंडला जिल्ह्यातील तिलईपानी गावात केलेले काम येथे उद्बोधक ठरते. तेथील मुलांचे पाय गुडघ्यांपाशी वाकलेले होते आणि पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण फार होते. तथापि त्याच मुलांच्या आहारात कॅल्शियमची उणीव असेल, तर व्यंगाचे श्रेय पाण्याला किती द्यावे व आहाराला किती? कारण आणि परिणाम या दोहोंशी संबंध असलेल्या अशा तिसऱ्या घटकामुळे निर्माण होणारा संभ्रम ही निरीक्षणात्मक अभ्यासाची कायमची अडचण आहे. मुलांना मुद्दाम दूषित पाणी पाजून प्रयोग करणे अर्थातच अमान्य. म्हणून अपायाचा शोध बहुधा निरीक्षणानेच घ्यावा लागतो. अपाय दूर करून काय घडते, हे मात्र करून पाहता येते. या संस्थेनेही शुद्ध पाणी व पोषक आहार यांचा मार्ग अवलंबिला.

निरीक्षणात्मक अभ्यासाचे तीन प्रकार प्रमुख होत. पहिला छेदात्मक अभ्यास. यात एका विशिष्ट काळी समूहाची स्थिती पाहिली जाते. मंडल्याप्रमाणेच गोंड वस्ती असलेल्या महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात राणी व अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. जी दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हती, ती स्त्री दवाखान्याच्या नोंदवहीत दिसणे शक्य नव्हते. तुलनेसाठी साहित्य कोठून निवडले, यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, हे यावरून ध्यानी येते.

दुसरा प्रकार रुग्ण-नियंत्रण अभ्यासाचा. यात परिणामाकडून कारणाकडे, म्हणजे मागे, जावयाचे असते. डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि तितकेच इतर रुग्ण यांच्या धूम्रपानाच्या सवयी ताडून पाहिल्या. तिसरा प्रकार अनुगामी अभ्यासाचा. यात समूह निश्चित करून काळाबरोबर पुढे जातात. गडचिरोलीतील ३९ गावांत १९९५-९६ या वर्षी ७६३ नवजात बालकांची घरोघरी अशी नोंद ठेवण्यात आली. निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय साहाय्याची गरज होती. डॉक्टरांकडे पोहोचली ती अवघी २.६ टक्के.

प्रायोगिक अभ्यासाचे प्रमाणभूत रूप म्हणजे यादृच्छिक विभागणी, अर्थात सोडत काढून केलेले दोन गट. ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ च्या चाचणीत १०७ क्षयरुग्ण होते. मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९३ रुग्णांपैकी काहींना घरी, काहींना आरोग्यधामात ठेवून औषधे दिली. दोहोंचे फळ जवळजवळ सारखेच निघाले. येथे निव्वळ निरीक्षण अपुरे पडले असते, कारण आरोग्यधामात जाऊ शकणारा रुग्ण बहुधा अधिक संपन्न असतो. सोडतीला संपन्नता दिसत नाही. गट पुरेसे मोठे असतील, तर ज्ञात घटकांप्रमाणे अज्ञात घटकही दोन्हीकडे साधारणतः समान वाटले जातात. सोडतीचे सामर्थ्य ते हेच.

परंतु सोडत सर्वत्र काढता येतेच असे नाही. गडचिरोलीत गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्याची जी क्षेत्रीय चाचणी झाली, तिच्यात ३९ गावे उपक्रमाची आणि ४७ गावे तुलनेची होती. ती सोडतीने ठरलेली नव्हती. मग फरक गावांचा नसून उपक्रमाचा, हे कशावरून? प्रारंभस्थिती आधीच नोंदविलेली होती. १९९३-९५ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू उपक्रमाच्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होते. १९९७-९८ मध्ये ते अनुक्रमे २५.५ आणि ५९.६ झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. दोन्ही क्षेत्रे जवळपास एकाच पातळीवरून निघाली आणि एकच खाली आली, यात या पुराव्याचे बळ आहे. सोडतीच्या अभावाची उणीव त्यामुळे पुष्कळशी भरून निघते, पूर्णपणे नाही, हेही नमूद केले पाहिजे.

या रचनांची उतरंड लावून प्रयोगाला श्रेष्ठ व निरीक्षणाला कनिष्ठ ठरविण्याची प्रथा आहे. गडचिरोलीचा अनुभव तिला मुरड घालावयास सांगतो. बालके कशाने दगावतात, हे निरीक्षणाने कळले नसते, तर प्रयोग कशाचा करावा हेही कळले नसते. २००१ मध्ये महाराष्ट्रातील बालमृत्यूंविषयी जो अहवाल निघाला, त्याचे नाव ‘कोवळी पानगळ’ होते. साहित्याभ्यासकाने या नावाकडे लक्ष द्यावे. पानगळ हा निसर्गक्रम आहे; ‘कोवळी’ हे विशेषण त्या क्रमावर आक्षेप घेते. तथापि विशेषणाने घेतलेला आक्षेप हा पुरावा नव्हे. किती पाने गळाली, हे निरीक्षणाने मोजले. त्यांतील पुष्कळ गळावयाची नव्हती, हे दाखविण्यासाठी तुलनेची ४७ गावे लागली.